जास्तीची वस्तू

सासरे हरवले त्या क्षणी मी एका यंत्राशी लिंबांवरून भांडत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत या घटनेच्या ज्या आवृत्त्या फिरताहेत त्यांतल्या एकीत मी सिनेमा बघत होतो आणि दुसरीत मी त्यांना मुद्दाम सोडून आलो. दोन्ही साफ खोट्या आहेत. मी लिंबंच घेत होतो.

त्या संध्याकाळी मेव्हणा जेवायला येणार होता. नुसतं जेवायला येणारा मेव्हणा कोणीही सहन करतो, पण हा निकाल द्यायला येणार होता. सासरे आमच्याकडे राहतात. मध्यंतरी त्यांच्या हातून बाथरूमचा नळ उघडा राहिला आणि पाणी जिना उतरून खाली गेलं. ही बातमी पाण्यापेक्षा वेगानं मेव्हण्यापर्यंत पोचली. "बाबांना आता विसरायला होतंय. तुमच्याच्यानं होणार नाही हे," तो फोनवर म्हणाला. त्यानं म्हणे वृद्धांसाठीचा एक निवास बघून ठेवला होता. प्रत्येक खाटेला घंटी, प्रत्येक वळणावर कॅमेरा, फाटकाला पहारेकरी. "तिथून मुंगीसुद्धा बाहेर पडत नाही," असं त्यानं अभिमानानं सांगितलं. फोन ठेवून बायको रडली. मी जावई, मी काय बोलणार? तसं सासऱ्यांचं आणि माझं फारसं पटत नाही. ते माझ्याआधी वर्तमानपत्र उघडतात, आणि शब्दकोडं पेननं सोडवतात, चुकीचं. पण निवासाचं नाव निघाल्यापासून त्या चुकांवरून मी त्यांना एकदाही टोकलं नव्हतं.

तेव्हा त्या दिवशी सगळं कसं नीट, आखीव, शिस्तीत व्हायला हवं होतं. म्हणून तर बायकोनं सामान फोनवरून मागवलं.

"तुम्हाला काही करायचं नाहीये," ती मला म्हणाली. "दुकानाबाहेर पिकअपचे चौकोन आखलेत. त्यातल्या एकात गाडी उभी करायची, फोनवर 'मी आलो आहे' हे बटण दाबायचं. ते येतात, डिकीत सामान ठेवतात, जातात. तुम्ही गाडीतून उतरूसुद्धा नका. आणि बाबांना बरोबर न्या, त्यांना जरा बाहेरची हवा."

यातलं 'उतरूसुद्धा नका' हे वाक्य तिनं नंतर मला इतक्या वेळा ऐकवलं, की ते मी झोपेतसुद्धा तिच्या आवाजात म्हणतो.

आम्ही गेलो. चौकोनात गाडी लावली, बटण दाबलं, डिकी उघडली. गणवेशातला माणूस ढकलगाडी घेऊन आला, सामान ठेवलं, 'धन्यवाद' म्हणाला. मी सासऱ्यांकडे वळून विजयी मुद्रेनं पाहिलं. तेवढ्यात फोन किणकिणला: 'लिंबं उपलब्ध नसल्यामुळे आपणांस त्याऐवजी तत्सम वस्तू देण्यात आली आहे.' मी डिकीत पाहिलं. लिंबाच्या वासाचा भांडी घासायचा साबण होता.

मेव्हण्याला जेवताना लिंबू लागतं. ताटात लिंबू नाही म्हणजे या घरात माणसांकडे लक्ष नाही, इथपर्यंत त्याला पोचायला वेळ लागला नसता. आणि दुकानाच्या काचेतून मला आत लिंबांचा ढीग स्वच्छ दिसत होता! पण चौकोनासमोर पाटी होती: 'गाडीत कोणी नसल्यास गाडी उचलून नेली जाईल.' आता सांगा, यावर कोणाही समंजस माणसानं काय केलं असतं?

"बाबा, मी लिंबं घेऊन आलोच," मी म्हणालो. "तुम्ही जागा धरून बसा. काही झालं तरी जागा सोडू नका."

"बसतो की," सासरे मागच्या सीटवरून म्हणाले. ते मागेच बसतात. पुढे पट्टा लावावा लागतो आणि पट्टा लावला की त्यांना शिंका येतात.

जागा धरणं यात काही वावगं आहे असं मला अजूनही वाटत नाही. रुमाल टाकून, पिशवी ठेवून, छत्री आडवी करून आमच्यासारख्या माणसांनी आजवर जागा धरल्या, आणि घरात रिकामी वडीलधारी मंडळी असतील तर ती बसवून धरल्या. फक्त रुमालाला बाथरूमला जावं लागत नाही, हा मुद्दा माझ्या लक्षातून सुटला.

आत लिंबं लगेच मिळाली. पैसे घेणारं माणूस मात्र कुठेच नव्हतं. होती ती ओळीनं यंत्रं, आपलं बिल आपणच करायची. मी एकासमोर उभा राहिलो. "कृपया वस्तू स्कॅन करा," यंत्र गोड आवाजात म्हणालं. लिंबाला बारकोड नसतो. पडद्यावर चित्रं शोधायची होती. 'फळे' मध्ये लिंबू नव्हतं. 'भाज्या' मध्येही नव्हतं. माझ्यामागे रांग झाली, आणि लिंबू फळ की भाजी यावर रांगेत दोन तट पडले. शेवटी ते 'इतर' मध्ये सापडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकून घरची कापडी पिशवी यंत्राच्या ओट्यावर ठेवली.

"अनोळखी वस्तू आढळली," यंत्र म्हणालं. आवाजातला गोडवा गेला होता. "मदतनीसाची वाट पहा." आणि माझ्या डोक्यावर लाल दिवा लागला.

मदतनीस बाई एकच होत्या आणि लाल दिवे सगळीकडे लागले होते. वाट पाहता पाहता मी पिशवी उचलली.

"उचलू नका!" मागून ओळखीचा आवाज आला. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. आम्ही त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो. "उचललीत तर ते चोरीचा प्रयत्न म्हणून धरतं."

मी पिशवी परत ठेवली.

"अनोळखी वस्तू आढळली," यंत्र आणखी मोठ्यानं म्हणालं.

"ठेवूही नका," परिपत्रक म्हणाले.

मी पिशवी अधांतरी धरून उभा राहिलो. दुकानातल्या आयाबाया आपापल्या पोरांना जवळ ओढत माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यभर मी रांगेत उभा राहिलो, सुटे पैसे जवळ ठेवले, कधी द्राक्षाचा मणीसुद्धा चव बघायला उचलला नाही. आणि आज माझ्या डोक्यावर लाल दिवा! त्यात बायकोचा फोन वाजला. तो घ्यावा तर पिशवी एका हातात येत होती आणि तिचा कोपरा ओट्याला टेकत होता.

"कुठे आहात? दादा निघाला. बाबा काय करताहेत?"

"गाडीत बसलेत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

मदतनीस बाई आल्या, त्यांनी गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवलं, यंत्र क्षणात शहाण्यासारखं वागू लागलं. पावती दारातल्या स्कॅनरला दाखवून मी बाहेर धावलो. गाडी जागच्या जागी होती. चौकोन माझाच होता. मागचं दार उघडलं. जागा होती, धरणारा नव्हता.

मी आधी डिकीत पाहिलं. असं का केलं हे मला विचारू नका. मग सासऱ्यांना फोन लावला. तो मागच्या सीटवरच, त्यांच्या उशीखाली वाजला.

"एक आजोबा दिसले का?" मी दुकानाच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"दिसले ना. बाथरूम कुठंय विचारत होते. मी दाखवलं. परत आले, गाडीत बसले."

"कुठल्या गाडीत?"

"पांढऱ्या."

"अहो, ही काय पांढरी गाडी!"

त्यानं माझ्या गाडीकडे नीट पाहिलं. "मग शेजारच्या पांढऱ्या. डिकी उघडी होती तिची पण. ती गेली की मगाशीच."

शेजारचा चौकोन रिकामा होता. तिथे तेलाचा एक ठिपका आणि कोबीचं पान एवढंच उरलं होतं. मी त्या पानाकडे बघत उभा राहिलो. आता मेव्हणा येईल, विचारेल बाबा कुठे आहेत, आणि मी सांगेन, कोणाच्या तरी मागच्या सीटवर. त्यांची गोळी माझ्या खिशात होती. त्यांना माझा नंबर पाठ नाही. त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि हे ते कबूल करत नाहीत. त्यांचं चुकीचं शब्दकोडं डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू येईल असं वाटलं.

"पोलिसात जा," परिपत्रक मागे येऊन म्हणाले. "किंवा थांबा, नका जाऊ. पोलीस पहिला प्रश्न विचारतील, शेवटचं कोणी पाहिलं? ते तुम्ही. दुसरा प्रश्न, घरात काही वाद होते का?"

आत जाऊन मदतनीस बाईंना सांगितलं. त्या हळहळल्या, आणि म्हणाल्या, "पिकअपची तक्रार दुकानात घेत नाहीत हो. हेल्पलाइनला करा." त्यांनी नंबर दिला.

"वस्तू मिळाली नसल्यास एक दाबा," हेल्पलाइन म्हणाली. आवाज त्या यंत्राचाच होता, मी शपथेवर सांगतो. "वस्तू खराब मिळाली असल्यास दोन दाबा. जास्तीची वस्तू मिळाली असल्यास तीन दाबा."

मी परिपत्रकांकडे पाहिलं.

"एक," ते विचार करून म्हणाले. "वस्तू तुमच्या ताब्यात नाही, हे तर निर्विवाद आहे."

एक दाबलं. बरंच संगीत ऐकल्यावर एक जिवंत बाई बोलू लागल्या. "कोणती वस्तू मिळाली नाही, सर?"

"सासरे."

"कोणत्या कंपनीचे, सर?"

"माझे सासरे! बायकोचे वडील! शेजारच्या गाडीतून गेले!"

पलीकडे टकटक आवाज. "सर, ते तुमच्या ऑर्डरमध्ये दिसत नाहीयेत."

"ऑर्डरमध्ये कसे असतील?"

"मग त्याचे पैसे परत देता येणार नाहीत, सर. पण एक मिनिट थांबा हं." पुन्हा टकटक. "याच दुकानातून, याच वेळच्या एका ग्राहकानं 'जास्तीची वस्तू मिळाली' अशी तक्रार नोंदवलीय. वर्णन, 'मागच्या सीटवर वृद्ध गृहस्थ. उतरत नाहीत.'"

माझ्या जिवात जीव आला. "तेच! तेच ते! पत्ता द्या."

"ग्राहकाची माहिती देता येत नाही, सर. आणि आमच्या धोरणानुसार जास्तीची वस्तू परत करायची गरज नसते. ग्राहकांनी ती ठेवून घेतली तरी चालते."

"ठेवून घेतली तरी? अहो, रात्रीच्या जेवणाआधी ते घरी हवेत!"

"परत घ्यायची गाडी उद्या सकाळी जाईल, सर. बाय द वे, वस्तू नाशवंत आहे का?"

मी खिशातली त्यांची गोळी चाचपली. "हो," मी म्हणालो. "फार नाशवंत आहे."

"मग तसं सांगायचं ना, सर! नाशवंत असेल तर त्याच दिवशी परत घेतात. मी थेट ग्राहकाशीच जोडून देते."

त्या ग्राहक बाई दंतवैद्य होत्या. सासरे त्यांच्या आवारात, गाडीत बसून होते. पत्ता लिहून घ्यायला कागद मिळेना, तो परिपत्रकांनी तोंडपाठ केला आणि त्या भांडवलावर माझ्या गाडीत येऊन बसले. वाटेत बायकोचा फोन आला. दादा आलाय, चहा घेतोय, बाबांशी बोलायचंय म्हणतो.

"ते डोळे मिटून बसलेत," मी म्हणालो. हे खोटं असेल असं मला तेव्हा वाटलं, पण पुढे ते खरं निघालं.

दंतवैद्यबाई फाटकातच उभ्या होत्या. "अहो, मला घरी येईपर्यंत पत्ताच नाही! पिशव्या काढायला मागचं दार उघडलं तर हे. किंचाळले मी. यांनी नमस्कार केला. उतरा म्हटलं तर म्हणतात, जावयानं जागा सोडू नका म्हणून सांगितलंय. शेवटी चहा गाडीतच दिला."

मी दार उघडलं. सासरे डोळे मिटून बसले होते, मांडीवर बशी. मला बघून त्यांनी डोळे उघडले.

"उशीर केलात, जावईबापू. लिंबं मिळाली?"

माझं डोकं इतकं भणभणलं होतं की मी त्यांच्यावर ओरडलोच. "बाबा, ही गाडी आपली नाही हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. बसल्या बसल्या कळलं, उशी नव्हती. पण उतरायच्या आत गाडी सुरू झाली."

"मग बोलायचं नाही?"

"बोलणार होतो. पण या बाई फोनवर कोणाशी तरी कडाक्याचं भांडत होत्या. नवऱ्याशीच असाव्यात. घरगुती होतं. मध्ये बोलणं बरं दिसेना." दंतवैद्यबाई फाटकाच्या कडीकडे पाहू लागल्या. "आणि मग इथे आल्यावर म्हटलं, मी उतरून रस्ता शोधत बसलो, तर तुम्ही शोधणार कुठे? हरवलेल्या माणसानं हलू नये."

मी त्यांच्या मांडीवरची बशी घेतली. मग खिशातली गोळी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि माझ्या हातावर हात ठेवला. आमच्या इतक्या वर्षांच्या सहवासात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंही अवघडलो.

घरी येईपर्यंत परिपत्रकांकडून मी वचन घेतलं. "मी कशाला कोणाला सांगू?" ते म्हणाले. "कोणी माहिती मागितली तर गोष्ट वेगळी." बायकोला मी स्वयंपाकघरात, मिक्सर चालू करून सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "दादासमोर एक अक्षर काढायचं नाही," ती म्हणाली. "बाबांना पण बजावा." मी सासऱ्यांकडे गेलो, पण वडीलधाऱ्या माणसाला खोटं बोला असं कसं सांगायचं? "बाबा, आज जे झालं ते..." एवढं म्हणून मी घुटमळलो.

"काय झालं?" ते म्हणाले. "चहा चांगला होता."

जेवायला बसलो. मेव्हणा बारीक नजरेनं घर बघत होता. नळ बघून आला होता. ताटात लिंबू पाहून त्याच्या कपाळाची एक आठी कमी झाली. मला वाटलं, निभावलं.

"काय बाबा, आज काय केलंत दिवसभर?" त्यानं मोठ्या आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"आज एका बाईंच्या गाडीत बसून त्यांच्या घरी गेलो होतो," सासरे म्हणाले. "ओळखीच्या नव्हत्या. चहा दिला. गाडीतच."

मेव्हण्यानं हातातला घास खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. "बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "मी काय म्हणत होतो? हे असं असतं. आता न झालेल्या गोष्टीसुद्धा दिसायला लागल्या त्यांना."

सासऱ्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असावं. ते खाली बघून जेवू लागले. बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता. गप्प बसलो असतो तर मी सुटलो असतो. माझ्या नावाला धक्का नाही. फक्त एक शहाणा, पूर्ण भानावर असलेला माणूस भ्रमिष्ट ठरून घंटी लावलेल्या खाटेवर जाणार होता. आणि बोललो तर तो निष्काळजी जावयाच्या घरातून तिथेच जाणार होता. कसंही केलं तरी खाट तीच. पण मला त्यांचं ते खाली बघणं सहन होईना.

"ते खरं सांगताहेत," मी म्हणालो. बायकोनं माझा पाय इतक्या जोरात दाबला की मला कळ आली. "मी त्यांना हरवलं. दुकानाबाहेर. जागा धरायला बसवलं आणि आत गेलो. ते दुसऱ्या गाडीत बसले, ती गाडी गेली. त्यांना सगळं कळत होतं. जागचे हलले नाहीत, म्हणून सापडले. चूक माझी आहे, त्यांची काडीचीही नाही."

मेव्हणा शांतपणे म्हणाला, आणि तो शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता, "भाऊजी, मग तर प्रश्नच मिटला. जो माणूस माझ्या वडिलांना सामान घेता घेता हरवतो, त्याच्या घरी मी त्यांना ठेवू? उद्याच नेतो मी त्यांना."

मी मान खाली घातली. त्याचं खोटं काय होतं?

"अरे," सासरे म्हणाले. त्यांचं लिंबू पिळून झालं होतं, साल त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली. "तू एवढासा होतास, तेव्हा बाजारात हरवला होतास. माझ्या हातून. मी पेनाच्या दुकानात थांबलो होतो, वळून बघतो तर तू नाहीस. संध्याकाळपर्यंत शोधलं तुला. तुझी आई रडली, मला नाही नाही ते बोलली. दोन दिवस बोलली नाही. पण तुला माझ्यापासून काढून घेऊन तिनं कुठे ठेवलं नाही."

मेव्हणा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा सगळा कडकपणा जाऊन तिथे काय आलं हे मला सांगता येणार नाही.

"मला नाही आठवत हे," तो म्हणाला.

"मला आठवतंय," सासरे म्हणाले, आणि त्यांनी भात मागितला. तो मेव्हण्यानंच वाढला.